जुन्या घराच्या अर्थिंगची तपासणी: शिरोड्याकडून येणाऱ्या वायरमनबद्दल

वेंगुर्ला-शिरोडा पट्ट्यात ज्यांची घरं जुनी आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हल्लीच स्लॅब टाकून नवं वायरिंग केलेल्यांनी वाचलं नाही तरी चालेल. काम असं होतं: घरातलं अर्थिंग (यंत्राच्या बॉडीवर आलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी) कुठून येतं, कुठल्या प्रकारचं आहे आणि उद्या गीझरची बॉडी करंट मारायला लागली तर ते कामाला येईल का, हे कोणीतरी नीट बघून सांगायचं. ज्याने केलं तो परवानाधारक वायरमन, शिरोड्याकडून येतो. नाव-नंबर इथे टाकत नाही, त्याला आवडत नाही. बाजारात हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात "मेगर घेऊन फिरणारा" म्हटलं की सांगतात (मेगर म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र). कामाला पैकीच्या पैकी, वेळ पाळण्यात काठावर पास, आवराआवरीत नापास.

आमचं घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. लाइट आली सत्तरच्या दशकात. माजघरात अजून लाकडी पट्टीवर ठोकलेलं बॅटन वायरिंग आहे, मीटरशेजारी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते आणि सासऱ्यांच्या रेडिओसाठी बसवलेला दोन गोल पिनांचा काळा प्लग तसाच भिंतीवर आहे. त्यानंतर ज्याला जसं सुचलं तसं वाढत गेलं. विहिरीवर पंप आला, न्हाणीत गीझर, पडवीत वॉशिंग मशीन, मग इन्व्हर्टर. दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. त्यातल्या एका पुण्याच्या मुलाने तक्रार केली की चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात. त्याचं म्हणणं खरं होतं. अशा चार्जरमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून अर्थला बारीक कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ जाग्यावर नसेल तर बॉडीवर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ असतो, माणूस मरत नाही, पण त्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे काही नाही एवढं त्यावरून कळतं.

आधी एका मोठ्या दुकानाचा माणूस बोलावला होता. त्याने घरात पाऊलही न टाकता खळ्यात उभ्यानेच "केमिकल अर्थिंग टाकून घ्या" (पाइपाभोवती विकतचं मिश्रण भरतात ते) म्हणून सांगितलं आणि पंधरा हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. सध्या अर्थिंग आहे का, असेल तर कसलं, हे विचारलंसुद्धा नाही. मुलाने मग ऑनलाइन तो तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मागवला. दीड-दोनशे रुपयांची वस्तू. सॉकेटमध्ये खुपसायची, कुठले दिवे लागले ते वरच्या तक्त्याशी जुळवायचं. पाहुण्यांच्या खोलीत त्याने "अर्थ नाही" दाखवलं. पडवीतल्या वॉशिंग मशीनच्या सॉकेटवर "सगळं बरोबर" दाखवलं. पहिलं उत्तर खरं निघालं, दुसरं घातक. ते कसं, पुढे येतंच.

हा वायरमन सकाळी नऊला येतो म्हणाला आणि साडेबाराला आला. आल्यावर घरात शिरला नाही. "काकी, आधी खांबाकडे चला. घरात काय आसा ता मगे बघूया." खांबावरून घरात किती वायरी येतात ते त्याने मला मोजायला लावलं. दोन. एक फेज, एक न्यूट्रल. शिवाय एक जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, तार दिसते, जिच्यावर सर्व्हिस वायर टांगलेली असते. "ती वजन धरूक आसा, अर्थ न्हय." आमच्या वाडीत निम्म्या लोकांची समजूत आहे की अर्थ त्या तारेतून येतो.

मग मीटरबोर्ड. तिथून निघणारी अर्थची वायर बोटाने धरून ती जाते तिथपर्यंत जायचं, ही त्याची पद्धत. अर्थिंगचा प्रकार ओळखण्याचा याहून सरळ मार्ग नाही, असं आता मलाही वाटतं. ती वायर पुरवठ्याच्या केबलबरोबर वेगळी चालत ट्रान्सफॉर्मरपर्यंत जात असेल तर एक प्रकार, त्याला टीएन-एस म्हणतात. आवारातच ट्रान्सफॉर्मर असलेल्या मोठ्या सोसायट्यांत असं सापडतं. पुरवठा घरात शिरतो तिथेच ती न्यूट्रलला जोडलेली असेल तर दुसरा, टीएन-सी-एस. आणि ती आपल्याच परड्यात जमिनीत जात असेल, पुरवठ्याकडून अर्थ म्हणून काहीच येत नसेल, तर तिसरा, टीटी. म्हणजे डीपीचा (वाडीच्या ट्रान्सफॉर्मरचा) न्यूट्रल तिकडे जमिनीला जोडलेला, आपल्या यंत्रांच्या बॉड्या इकडे वेगळ्या जमिनीला जोडलेल्या आणि मधला परतीचा रस्ता फक्त माती. आमची आठ नंबरची जीआय तार पडवीखालून मागे जाऊन न्हाणीमागे जमिनीत शिरत होती. म्हणजे टीटी. आपल्याकडे खांबावरून दोन वायरी घेतलेल्या सुट्या घरांत हेच सापडण्याची शक्यता जास्त, असं तो म्हणाला.

न्हाणीमागेच का, हे सासूबाईंनी सांगितलं. पूर्वी न्हाणीचं पाणी तिथल्या अळवात आणि केळीत सोडलेलं होतं, त्यामुळे ती जागा बारा महिने ओली असायची. ज्या कोणी तिथे पाइप पुरला त्याला अक्कल होती. पुढे आम्ही सेप्टिक टँक केला, सांडपाणी दुसरीकडे वळवलं, अळू गेलं, केळी गेल्या. पाइप तिथेच कोरड्यात राहिला. खणल्यावर दिसलं की क्लॅम्पच्या ठिकाणी गंजाचे पापुद्रे सुटले होते. इथल्या खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड टिकत नाहीच. दुसरा आधार होता विहिरीच्या पंपाचा. तिथली हिरवी वायर जुन्या लोखंडी पाइपाला बांधलेली होती. तो पाइप बदलून पीव्हीसीचा टाकला तेव्हा वायर तशीच राहिली, एका टोकाला काही नसलेली. पाहुण्यांच्या खोलीतला अर्थ त्याच वायरीवरून घेतलेला होता.

आता पडवीतल्या "सगळं बरोबर" सॉकेटचं. मेन बंद करून, न्यूट्रल सोडवून त्याने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला. दोन्ही वेगळे असायला हवेत, मीटर जवळजवळ शून्य दाखवत होता. म्हणजे घरात कुठेतरी दोघांची गाठ मारलेली. शोधत शोधत पडवीतलं सॉकेट उघडलं तर न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थच्या स्क्रूवर बोटभर वायरीचा तुकडा. कोणीतरी अर्थ मिळेना म्हणून हे करून पैसे घेऊन गेला होता. टेस्टरला काय, फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट मिळाले, त्याने दिवे लावले. पण न्यूट्रल कुठेही तुटला, सर्व्हिस वायर खांबावर सैल झाली, की वॉशिंग मशीनचा पत्रा थेट फेजवर. आणि वादळात तुटलेल्या वायरी परत जोडताना फेज-न्यूट्रल उलटे लागले तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही. २०२१ च्या मेमधलं तौक्ते आठवत असेल तर आपल्या भागात वायरी किती वेळा खाली-वर होतात ते वेगळं सांगायला नको. माझं त्या तीन दिव्यांच्या टेस्टरबद्दलचं मत: "नाही" म्हणाला तर विश्वास ठेवा, "आहे" म्हणाला तर अजिबात नको.

१०० वॅटच्या बल्बची परीक्षा मी आजवर पाहत आले होते. फेज आणि अर्थमध्ये बल्ब धरायचा, लख्ख पेटला की अर्थ उत्तम. यावर तो हसला. त्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, तेवढा करंट कसल्याही गंजक्या पाइपातून जातो. खरं माप अर्थ टेस्टरचं. मेन बंद, घराची अर्थची वायर पाइपापासून सोडवलेली, आणि पाइपापासून एका रेषेत दोन सळ्या जमिनीत ठोकायच्या. लांबची सळी साधारण तीस मीटरवर, मधली त्याच्या ६२ टक्के अंतरावर. आमच्या परड्यात जांभ्यावर वीतभर माती, सळी आत जाईना, म्हणून त्याने माडाचं आळं धरलं. आकडा आला ३८ ओहम. हा करंटला जमिनीत जाताना होणारा अडथळा, जितका कमी तितका बरा.

हे माप मेच्या शेवटी घेतलं, आणि मेमध्येच घ्यायचं हा त्याचा हट्ट होता. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि पावसात पाणी पितो. जुलैत अर्थिंग मोजणं म्हणजे जेवून उठलेल्याला उपास झेपेल का विचारण्यासारखं. पुढे पावसात दुसऱ्या कामाला आला होता तेव्हा माझ्या सांगण्यावरून त्याने तोच जुना पाइप परत मोजला: १४ ओहम.

३८ ओहमचा अर्थ काय, हे त्याने माझ्याच हिशेबाच्या वहीत मांडून दाखवलं. डीपीकडचं अर्थिंग समजा ४ ओहम. दोन्ही मिळून ४२. गीझरच्या आत फेज बॉडीला चिकटली तर २३० भागिले ४२, म्हणजे साडेपाच अँपिअर वाहणार. आमचा फ्यूज १५ अँपिअरचा. तो कशाला वितळेल? आणि तेवढा वेळ गीझरच्या बॉडीवर २३० पैकी २०८ व्होल्ट उभे. नळाखाली उभा असलेला माणूस सोडून कोणालाच काही कळणार नाही.

मी विचारलं, मग अर्थिंगचा खड्डा चांगला करून घेऊ? इथे तो खरा उपयोगी पडला, कारण खड्डा विकणं त्याच्या फायद्याचं होतं. "खड्डो कितीय चांगलो करा, एमसीबी काय पडाची नाय." एमसीबी म्हणजे फ्यूजच्या जागी बसवतात तो, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. १६ अँपिअरची बी प्रकारची एमसीबी झटक्यात पडायला तिच्या तिप्पट ते पाचपट करंट लागतो, सी प्रकारची असेल तर पाचपट ते दहापट. पाचपट म्हणजे ८० अँपिअर. त्यासाठी घरचं आणि डीपीचं मिळून तीन ओहमच्या आत बसायला हवं. जांभ्याच्या कातळात, मेमध्ये, हे कोणी लेखी देत असेल तर मला कळवा. पंधरा हजारवाल्याने हेच विकायला काढलं होतं.

टीटी असलेल्या घराला वाचवते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती सतत ताडून पाहते, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडते. ३० मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचे शंभरातले तीन भाग. एवढा करंट आमच्या ३८ ओहमच्या पाइपातूनही सहज जातो. नियमाचं गणित बघितलं तर बॉडीवर ५० व्होल्टच्या वर दाब राहू नये, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला १६६६ ओहमपर्यंतचं अर्थिंगसुद्धा कागदावर चालतं. मात्र तसं सुटं सोडायचं नाही, कारण मातीचं माप ऋतूप्रमाणे बदलतं आणि गंज दर वर्षी वाढतो. तिला मर्यादाही आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलात तर तिला फरक दिसत नाही. जास्त लोडनेही ती पडत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळी हवीच.

त्याने दोन आरसीसीबी घातल्या, एक पाहुण्यांच्या खोल्या आणि न्हाणीसाठी, एक बाकी घरासाठी, म्हणजे एक पडली तर फ्रिजमधले मासे वाया जायला नकोत. जुना लोखंडी मेन स्विच काढून प्लास्टिकची पेटी बसवली, कारण आरसीसीबीच्या आधी, मीटरकडच्या बाजूला काही बिघडलं तर लोखंडी पेटीला वाचवणारं कोणीच नसतं. एवढं झालं आणि संध्याकाळी माळ्याच्या जिन्याचा दिवा लावल्याबरोबर दोन्ही धाडकन पडल्या. जिन्याच्या दिव्याला फेज एकीकडची, न्यूट्रल दुसरीकडचा. जुन्या घरात हे सापडतंच, न्यूट्रल जवळ दिसला तिथून घेतलेला असतो. त्याची उरलेली संध्याकाळ त्यातच गेली, पण जास्तीचे पैसे मागितले नाहीत. पंपाचं वाइंडिंग ५०० व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशन कमी दाखवत होतं ते बाजारातून भरून आणावं लागलं, गीझरचा एलिमेंट बदलावा लागला. हे दोन्ही खर्च आरसीसीबीमुळे आले असं आमच्या घरातल्या पुरुषमंडळींचं म्हणणं. आधी ती गळती कोणाच्या अंगातून जात होती, असं मी विचारल्यावर विषय संपला.

खड्डा शेवटी नवा केलाच, पण साधा. परड्याच्या सखल बाजूला, भिंतीपासून दीड मीटरहून लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा अडीच मीटर जीआय पाइप. खाली कातळ लागला म्हणून थोडा तिरका घातला. मिठाबद्दल आमचं थोडं वाजलं. सासूबाईंचं म्हणणं, खड्ड्यात थर कोळशाचा आणि थर मिठाचा, आणि शिरोड्याची मिठागरं दाराशी असताना मीठ का नको? शिरोड्याच्या मिठासाठी १९३० साली लोकांनी लाठ्या खाल्ल्या हे त्यांनी मधेच ऐकवून घेतलं. तो म्हणाला, "घाला व्हया तितक्या, पावसात धुपान जातलाच." मीठ सुरुवातीला आकडा खाली आणतं हे खरं, पण आपल्या पावसात ते टिकत नाही, आणि असतं तोवर लोखंड खातं. त्याने पाइपाभोवती बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी चिकण माती भरली. केमिकल अर्थिंगच्या पिशव्यांतही बऱ्याचदा हीच माती असते, वर नाव वेगळं. सासूबाईंच्या समाधानासाठी मूठभर मीठ टाकलं गेलं. नवा आकडा ११ ओहम, तोही जून लागायच्या आधीचा.

तपासणीचे त्याने हजार घेतले. दोन आरसीसीबी, पेटी, पाइप, वायर आणि मजुरी धरून सगळं वीस हजारांच्या आत बसलं. गीझर आणि पंप त्यात नाहीत.

तक्रारी. वेळेचं सांगितलंच. खळ्यातले दोन चिरे त्याने वायर नेण्यासाठी उचकटले आणि तसेच टाकून गेला, गवंडी मला शोधावा लागला. लेखी अहवाल मागितला तर आधी "काकी, माझ्यार इश्वास नाय काय?" झालं, मग वहीच्या पानावर मापं, तारीख आणि अर्थिंगचा प्रकार लिहून सही करून दिली. अक्षर औषधांच्या दुकानातल्या माणसाकडून वाचून घ्यावं असं. तरीही ते पान पेटीच्या दाराला आतून चिकटवून घ्या, पुढचा वायरमन न्यूट्रल-अर्थची गाठ मारायच्या आधी ते वाचेल. आणि बोलतो फार. डीपी, फीडर, कोणाच्या घरी काय सापडलं, सगळं. चहाची तयारी ठेवा.

आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की ती पडायला हवी. "म्हयन्यातसून एकदा बटान दाबूक इसरू नकात" हे जाताना दारातून, रिक्षातून आणि रात्री फोनवर असं सांगून झालं. मी लाइट बिल आलं की दाबते. दाबायच्या आधी पाहुण्यांना सांगा, नाहीतर कोणीतरी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये असतो.

बोलवायचा असेल तर एप्रिलच्या शेवटी सांगून ठेवा, मापं मेमध्येच व्हायला हवीत. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस त्याचा नाद सोडा, तेव्हा तो घरोघरी आरास जोडत फिरत असतो. घरात अर्थची वायर कुठून कुठे जाते हे माहीत असलेलं जुनं माणूस असेल तर त्या दिवशी त्याला घरी थांबवा, खणायचं काम निम्म्यावर येतं. पैसे रोख घेतो, पावती मागितली तर देतो.